नदी कायले हाय मंग?

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात माणूस टिकला की किस्से नालीतल्या गाळासारखे साचतात. आज उपसा, परवा पुन्हा तेवढेच! साठ सालच्या आसपास मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. तिथं नव्या पक्क्या नाल्या झाल्या आणि सगळं सांडपाणी सरळ नदीत जाऊ लागलं. खाली कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा. ती माणसं नदीच्या रेतीत झिरा खोदून तेच पाणी पीत.

मी म्हटलं, पाणी आधी तळ्यात अडवू, गाळ खाली बसू देऊ, मग शेतीला देऊ. अध्यक्ष भाऊसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पान जमवत विचारलं, "नदी कायले हाय मंग?"

तळं पुढे झालं. कसं झालं, ते शेवटी.

*

जिल्ह्याहून ओव्हरसियर पाहणीला आले. नालीच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मला तर काही वास येत नाही."

येणार कुठून? अत्तरात भिजवलेला रुमाल त्यांनी जीपमध्ये बसेपर्यंत नाकावरून काढला नाही.

*

शेषराव नावाच्या शेतकऱ्यानं नालीकाठी एक लहान खड्डा खोदू दिला. त्यात निवळलेलं पाणी त्यानं वांग्यांना दिलं. मीटिंगमध्ये मेंबर हसले. "त्या वांग्याले हात कोन लावीन?"

महिन्याभरानं भाऊसाहेबांकडे जेवायला होतो. ते बोटं चाटत घरात ओरडले, "वांगं असावं तं असं! कोठून आनलं वो?"

आतून उत्तर आलं, "शेषरावच्या मळ्यातलं."

भाऊसाहेबांनी हातातलं वांगं एकदा नीट पाहिलं. मग ताट पुढं करून म्हणाले, "अजून वाढ."

*

तांड्याचे रामजी नाईक नगरपालिकेत आले. "साहेब, पोरायले हगवन लागून राह्यली. माही नात खाटेवरून उठत नाही."

भाऊसाहेब म्हणाले, "नाईक, नदी फर्लांगभरात सारं धुवून टाकते. तुमचा तांडा तं कोसभर दूर हाय."

सगळ्या मेंबरांनी माना हलवल्या. माझं डोकं असं तापलं म्हणता! नाईकांनी मात्र शांतपणे हात जोडले. "मंग एक डाव या न भाऊसाहेब. पाहून जा."

*

भर मे महिन्यात आम्ही गेलो. नाईकांनी लिंबाखाली खाटा टाकल्या, गोधड्या अंथरल्या. पाहुण्याला आधी पाणी, ही तांड्याची रीत. सुनेनं घासून लख्ख केलेला पितळी तांब्या आणला. इलेक्शनच्या वेळी, नाल्या व्हायच्या आधी, याच खाटेवर बसून भाऊसाहेब तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले होते.

आज ते म्हणाले, "मी आताच पिऊन आलो."

शेजारचे मेंबर म्हणाले, "माहा आज निर्जळ उपास हाय." त्यांच्या तोंडात पान होतं.

तिसऱ्यांना सर्दी होती. मी हात पुढं केला, तर नाईक म्हणाले, "तुमाले नाही साहेब. तुमाले मालूम हाय."

तांब्या होता तसा, काठोकाठ भरलेला, नाईकांकडे परत आला. एरवी ते सुनेशी गोरबोलीत बोलत. आज आम्हा सगळ्यांना समजेल असं बोलले.

"सांडू नोको वो. पोरगी उठली का तिले पाजजो."