साहेबांचा रविवार

"चालायचंच," असं म्हणून ते वर्तमानपत्राची घडी घालायचे आणि ती काखेत धरायचे. बातमी कुठलीही असो. कांद्याची निर्यात बंद झाली, चालायचंच. कुंभमेळ्यासाठी धड रस्ता पुन्हा खणला, चालायचंच. वस्तीत बिबट्या शिरला आणि लोक पळून जायचं सोडून मोबाइल घेऊन त्याच्या मागे धावले, तेव्हाही हेच. आपल्याला हा शब्द बाळकडूबरोबर मिळतो. त्यांनी तो अर्धं आयुष्य इथं काढून कमावला होता.

ते परदेशी होते. कुठले, ते मी सांगणार नाही. देशाचं नाव घेतलं की हल्ली लोक लगेच बाजू घेतात आणि माणूस राहतो बाजूला. सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला म्हणून ते थोड्या महिन्यांसाठी आले. ती यंत्रं भंगारात गेली, कारखाना बंद पडला, तरी हे इथंच. का राहिलात, असं विचारलं की म्हणत, "बाई, परतीचं तिकीट काढणार होतो. तेवढ्यात द्राक्षं आली." यापलीकडे खुलासा मला कधी मिळाला नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची सोसायटी. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, दुसऱ्या मजल्यावर एकटी. ते माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर एकटे. सगळे त्यांना साहेब म्हणत, पण साहेबीपणा औषधालाही नव्हता. धुवट पायजमा, हातात कापडी पिशवी आणि बाजारात हुज्जत घालायची हौस.

"मावशी, ही मेथी कालची."

"आवं सायेब, पहाटं मळ्यातून काढली. चष्मा पुसा जरा."

"पुसला. कालचीच आहे."

शेवटी मावशी वैतागून वर कोथिंबीर टाकायची, आणि घरी येईपर्यंत साहेब मला ऐकवायचे की कोथिंबीरही कालचीच आहे.

रविवारी सकाळी मात्र त्यांना बाजाराचं भान नसे. त्या दिवशी बहिणीचा फोन. खाली बदामाच्या झाडाजवळ बाक आहे, तिथं आम्ही सगळे उन्हाला बसतो. साहेब फोन घेऊन तिथंच येत आणि पडद्यावरची बहीण सगळ्यांना दाखवत. त्यांच्यापेक्षा बरीच मोठी, डोक्याला रुमाल बांधलेली, हसली की डोळे मिटणारी बाई. आई लवकर गेल्यामुळे हिनंच त्यांना वाढवलं होतं.

तळमजल्यावरच्या शिंदेवहिनींची आणि तिची विशेष गट्टी. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नसे. "ताई, थंडी आहे का तिकडं?" असं वहिनी ओरडून विचारत. मोठ्यानं बोललं की मराठी समजते, अशी त्यांची समजूत. एकदा बहिणीनं काकड्यांच्या बरण्या दाखवल्या, तर वहिनी पळत घरात गेल्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या. दोन म्हाताऱ्या एकमेकींना बरण्या दाखवून खदखदा हसत होत्या आणि साहेब मध्ये फोन धरून उभे होते. त्यांचा तेव्हाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

मग तिकडे युद्ध सुरू झालं.

आपल्याकडे युद्ध सुरू झालं की प्रत्येक सोसायटीत एक सेनापती निपजतो. आमच्याकडे कुलकर्णी. शिर्डीच्या पुढे कधी गेलेले नाहीत, पण क्षेपणास्त्रं कुठून सोडावीत हे त्यांना ठाऊक. एका सकाळी म्हणाले, "साहेब, तुमच्या लोकांनी आधीच ठोकायला हवं होतं."

"माझे लोक म्हणजे एक म्हातारी बहीण," साहेब म्हणाले. "ती कुणाला ठोकणार?"

काही आठवडे बहिणीचा आवाज तुटक का होईना येत होता. मग तिचं गाव टीव्हीवर दिसलं. आधी कधी कुणी नावही ऐकलं नव्हतं, आता वरून काढलेली चित्रं दिसत होती, त्यात घरांची छपरं नव्हती. त्या दिवसापासून फोन लागेना. विमानं बंद. दूतावासात फोन केला की एक गोड आवाज थांबायला सांगे आणि मग संगीत. साहेब ते संगीत ऐकत तासन्‌तास बसत. कुलकर्णी धीर द्यायला गेले आणि म्हणाले, "चालायचंच साहेब, युद्ध म्हटलं की." माणूस वाईट नाही, पण जीभ तोंडात नुसती पडून राहायला तयार नसते. साहेबांनी पेपर बाकावर ठेवला आणि ते वर निघून गेले.

पुढे जे झालं त्यात कुणाचंच मन खोटं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्या गावाचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'साहेबांची बहीण इथेच.' त्याखाली एकानं हात जोडले. दुसऱ्यानं पाहिलं की पहिल्यानं हात जोडलेत, त्यानंही जोडले. तिसऱ्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' दुपारपर्यंत साहेबांची बहीण आमच्या ग्रुपवर वारली होती. ते स्वतः त्या ग्रुपवर नव्हते.

घरात कोणी गेलं की त्या दिवशी तिथं चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात नेऊन देतात, हे तुम्हाला सांगायला नको. साहेबांनाही ते सांगावं लागत नसे. बिल्डिंगमध्ये कोणी गेलं की स्वतः भात शिजवून ते पातेलं फडक्यात धरून दारात हजर होत.

तर त्या संध्याकाळी चार घरांतून चार डबे निघाले आणि जिन्यात एकत्र आले. गलबला ऐकून मी बाहेर आले, वहिनींनी सांगितलं, आणि मीही मागोमाग वर गेले. वहिनींनी बेल वाजवली. साहेबांनी दार उघडलं. आतून कांदा परतल्याचा वास येत होता. त्यांनी डबे पाहिले, वहिनींच्या डब्यातून ओघळलेलं पिवळं पिठलं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"अरेरे," ते म्हणाले. "कोण गेलं?"

साहेब एकेकाकडे बघत होते. आपल्यापैकी कोण दिसत नाही, याचा शोध घेत होते बहुतेक. मग वहिनींनी डोळ्याला पदर लावला, आणि त्यांना कळलं.

"अजून फोन लागलेला नाही," ते सावकाश म्हणाले. "एवढंच झालंय. कृपा करून हे परत न्या."

दार हळूच लागलं. आता पंचाईत अशी, की मयताच्या घरासाठी केलेलं अन्न परत आपल्या घरात कोण नेणार? चौघी डबे धरून जिन्यात ताटकळल्या. शेवटी मी चारही डबे माझ्याकडे घेतले. मला एकटीला कसला विटाळ. दोन दिवस मी पिठलं खाल्लं, आणि प्रत्येक घासाला त्या म्हातारीचे मिटलेले डोळे दिसत होते.

त्यानंतर साहेब रविवारी खाली येईनासे झाले. फोन घेऊन घरातच बसत. माझ्या छतावर त्यांची पावलं वाजत, खिडकीपर्यंत आणि परत. मला फार वाईट वाटे आणि करता काहीच येत नसे. मी रव्याचे लाडू वर पाठवी. ते डबा घासूनपुसून परत करत आणि म्हणत, "छान होते, बाई." एवढंच. पावसाळा गेला, गणपती गेले, तिकडून ना आवाज आला ना निरोप.

सर्वपित्री अमावास्येला मी खीर-वडे केले होते. कठड्यावर कावळ्याचा घास ठेवून आत आले तर दारात साहेब. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा.

"बाई, ज्यांची तिथी माहीत नसते, त्यांच्यासाठी आजचा दिवस असतो ना?"

"असतो."

"तिकडे सांगणारंच कोणी उरलं नसेल, तर मला कोण सांगणार? किती दिवस वाट बघू?"

बसा, खीर वाढते, असं मी म्हणाले.

"खीर नंतर," ते म्हणाले. "आधी पिठलं-भात. तो मी परत पाठवला होता."

पितरांच्या दिवशी घरात पिठलं करतात का, हा विचार माझ्या मनात आला आणि तसाच गेला. मी बेसन कालवलं. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. पान वाढलं तेव्हा मान खाली घालून जेवायला लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात थांबला नाही. तिखट झालंय का, असं मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"नाही," ते म्हणाले. "बरोबर झालंय."

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही बाकावर बसलो होतो आणि साहेब जिना उतरून आले, रिकाम्या हातांनी. फोन घरीच ठेवला होता. कुलकर्ण्यांनी सरकून जागा दिली आणि त्या सकाळी एकदाही युद्धाचं नाव काढलं नाही. गप्पा कांद्याच्या भावावर गेल्या, रस्त्यांवर आल्या, साहेब ऐकत होते, मधून मान हलवत होते. मी मात्र ऊन डोक्यावर येईपर्यंत तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीकडे कान लावून बसले होते.