दोन फितींचा जावई

चिखलीत सोयरिकीची बोलणी सुरू झाली आणि मुलगा लष्करातला निघाला, की त्याचा फोटो आधी सावळाराम नाइकांच्या ओसरीवर यायचा. पत्रिका बघायला भटजी होते, बाही बघायला सावळाराम. मराठा पलटणीत अठरा वर्षं काढून ते पेन्शनीवर आले होते आणि आता सायकलवरून पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला जात. आवाज मात्र अजून पलटणीतलाच होता. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा ते हुकूम दिल्यासारखा मागत.

फोटो दोन्ही हातांनी धरून ते डोळे बारीक करायचे. बाही कोरी असली की म्हणायचे, "शिपाई. आजून लई चालायचंय." एक फीत म्हणजे लान्सनाईक. दोन फिती म्हणजे नाईक, आणि इथं ते हलकेच खाकरत, कारण ते स्वतः नाईक होते. तीन फितींचा हवालदार निघाला तर मुलीच्या बापाची छाती फुगायची. एकदा लोहगावच्या विमानदळातला मुलगा आला, त्याच्या बाहीवर फितीऐवजी विमानाचा पंखा. गाव बुचकळ्यात पडलं. सावळाराम देहूरोडच्या छावणीत जाऊन विचारून आले: पंखेवाला साध्या शिपायाच्या वर, पण दोन फितींच्या कॉर्पोरलच्या खाली, आणि तिथला कॉर्पोरल म्हणजे आपला नाईक. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की दळ कुठलंही असो, दोन फिती म्हणजे नाईक. इतकं पक्कं बसलेलं सहसा धोक्याचंच असतं.

मग त्यांच्याच मुलीला, शकूला, स्थळ आलं. मुलगा खेडकडचा, ज्योतीराम, आरमारात नोकरीला. शकूनं त्याला आळंदीला मावशीच्या घरी एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाकरी करपवत होती. फोटोत पांढरा गणवेश आणि डाव्या बाहीवर दोन फिती. सावळाराम खाकरले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नाइकाला नाईक जावई मिळतोय.

सुपारी फोडायच्या दिवशी ओसरीवर जाजम अंथरलं होतं. शेजारचे दत्तोबा ज्योतीरामाला म्हणाले, "या नाईकसाहेब, असं वर बसा."

ज्योतीराम बसला नाही. तो सावळारामांसमोर उभा राहिला. "मामा, सुपारी फुटायच्या आदी एक सांगतो. मी नाईक न्हाई. वेशीवर लोक नाईकसाहेब म्हणून रामराम घालाय लागले, तवा मला कळलं तुमचा काय समज झालाय ते."

"मग या फिती?"

"आमच्याकडं या हुद्द्याच्या नसत्यात, चांगल्या वागणुकीच्या असत्यात. आठ वर्षांत एकबी ठपका न्हाई म्हणून दोन मिळाल्या. नाईकाच्या बरोबरीचा जो असतो, त्याच्या बाहीवर जहाजाचा नांगर असतो. मी साधा खलाशी हाय. माझ्या हाताखाली कुनी न्हाई."

सावळारामांचे कान तापले. गावभर मिरवलं ते आता गिळायचं कसं, हेच त्यांना कळेना. उठून ते आत गेले. दाराआड शकू पानांचं तबक धरून उभी होती.

"साधा खलाशी निघाला," ते बायकोला, सरुबाईंना म्हणाले. "गावाला काय तोंड दाखवू? पाव्हण्यांना परत लावतो."

सरुबाईंनी चुलीवरचं आधण उतरवलं. "माझं लगीन झालं तवा तुमी कोण व्हता?"

"शिपाई."

"त्ये बी नवा. आन् हुकूम सोडनारा एक हाय या घरात, मला पुरतोय. पोरीला दुसरा कशाला? आपुन चार गावांत चवकशी करतो, पोरगं पितंय का, भांडतंय का. हितं सरकारनंच बाहीवर शिवून दिलंया."

सावळाराम काही बोलणार तोच शकू बोलली. बापासमोर ती असं कधी बोलली नव्हती. "आबा, त्ये गप बसले असते, तर तुमाला कंदी कळलं असतं का?"

सावळारामांनी विचार केला. नसतं कळलं. लग्न झालं असतं, वरात निघाली असती, नातवंडं झाली असती, तरी ते त्याला नाईकच म्हणत राहिले असते. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि त्यांना एकदम तिची माया वाटली.

ते बाहेर आले. ज्योतीराम अजून उभाच होता.

"मंडळी," सावळाराम पलटणीतल्या आवाजात म्हणाले, "चूक माझी झाली. पोरगा नाईक न्हाई. आरमारातलं मला ठाऊक नसताना मी ठोकून दिलं." दाराआडची शकू तबक घेऊन उंबऱ्यापर्यंत पुढं सरकली. सावळारामांचा आवाज खाली आला. "पर खरं सांगतो. याच्या जागी मी असतो, तर सुपारी फुटंस्तवर गप बसलो असतो."

त्यांनी ज्योतीरामाचा हात धरून त्याला आपल्या शेजारी जाजमावर बसवलं आणि सुपारी मागितली, या खेपेला हळू आवाजात.