खळ घातलेला एप्रन

मुलुंडच्या औषध कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली. तिथे सलाइनची प्रत्येक खेप बाहेर पडण्याआधी सशांवर तपासली जायची. सशाच्या कानाच्या शिरेत सलाइन टोचायचं आणि पुढचे काही तास त्याचा ताप मोजत बसायचं. ताप चढला तर सलाइन दूषित. ससा हलू नये म्हणून त्याला लाकडी खोड्यात बसवत, मान दोन फळ्यांमध्ये अडकवून. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे हीच रीत होती आणि तिला कुणी क्रूर म्हणत नव्हतं.

हे काम आम्ही दोघं करायचो, मी आणि माझा मित्र. दोघंही बी.एस्सी., एकाच दिवशी नोकरीला लागलेले. तो मालवणकडचा. त्याच्या डब्यातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, मी खायचो, माझ्या डब्यातली भेंडी तो निमूट संपवायचा.

सशांना मात्र तोच आवडायचा. त्याचा हात पाठीवर पडला की ससा अंग सैल सोडायचा. माझा हात लागला की त्याचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडायला लागायचं. मी सगळं त्याच्यासारखं करून पाहिलं. हळू बोललो, नखं कापली, सिगारेटसुद्धा सोडली.

"तू तेंका धरतंस रे," तो हसून म्हणायचा. "जरा बसाक दी."

प्राणिघरातली माणसं त्याला 'सशांचा जावई' म्हणायची. मला काहीच म्हणायची नाहीत. माणसानं नापसंत केलं तर त्याला चार शिव्या तरी घालता येतात. सशांपायी कुणी कुणावर जळतं का? मी जळायचो.

मग त्यानं नवीच टूम काढली. फळ्यांमधली जागा वाढवायची, चाचणीआधी काही दिवस सशांना नुसतंच खोड्यात बसवून सवय करायची, पिंजऱ्यात वाळलं गवत द्यायचं आणि दोन चाचण्यांमध्ये पुरेशी विश्रांती. घाबरलेल्या सशाचा ताप उगाच चढतो आणि चांगली सलाइनही फुकट जाते, हे त्यानं आमच्या साहेबांना पटवलं. साहेबांना सशांचं नव्हे, पण सलाइनचं दुःख होतं. ते म्हणाले, "सोमवारी हेड ऑफिसातून मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर करून दाखव. जमलं तर हीच पद्धत कायम, आणि प्राणिघराचा प्रमुख तू."

त्या दुपारी मी त्याच्या सुंगटांना हात लावला नाही.

तो आपला एप्रन कधी धोब्याकडे देत नसे. घरी नुसत्या पाण्यातून काढायचा. सशांना ओळखीचा वास हवा, असं त्याचं म्हणणं. शनिवारी तो एप्रन खुंटीवर विसरून गेला. मी तो उचलून धोब्याच्या गाठोड्यात टाकला आणि बजावलं, "नीळ आणि खळ चांगली घाल. मोठे साहेब येणार आहेत."

सोमवारी त्यानं तो कडक इस्त्रीचा एप्रन हातात घेतला. "ह्यो माझो?"

"मग कुणाचा? साहेबासमोर त्या बोळ्यात जाणार होतास?"

त्यानं एकदा वास घेतला. पण मोठे साहेब दारात आले होते आणि एप्रनशिवाय आत जायला मनाई होती. "बरं केलंस रे," तो म्हणाला. "जरा माणसात दिसेन."

पापडासारख्या झालेल्या बाह्या त्याच्या प्रत्येक हालचालीसरशी करकरत होत्या. पहिल्याच सशानं कान टवकारले आणि मागचा पाय आपटला. मग सगळेच आपटायला लागले. एकानं सैल फळ्यांतून मान काढून थेट जमिनीवर उडी घेतली. सलाइन टोचण्याआधीच ताप इतके वरखाली होत होते की चाचणी सुरूच करता आली नाही.

"सर्कस आहे का ही?" मोठे साहेब म्हणाले आणि निघून गेले.

फळ्या पुन्हा घट्ट झाल्या. गवत बंद झालं. प्रमुख मी झालो. त्यानं स्वतःच पॅकिंगला बदली मागून घेतली.

काही महिन्यांनी एक पांढरी सशीण खोड्यात बिथरली. तिनं मागचे पाय इतक्या जोरात झाडले की तिचा कणा मोडला. मी पुढे झालो, पण ती किंचाळायला लागली. ससा किंचाळतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कुणीतरी धावत जाऊन पॅकिंगमधून त्याला बोलावून आणलं. त्यानं तिला अलगद उचललं. मागचा भाग चिंधीसारखा लोंबत होता. तिनं त्याच्या तळहातात तोंड खुपसलं आणि गप्प झाली.

"सुई दे," तो म्हणाला. मी दिली.

मग तोच माझी समजूत घालायला लागला. "मनाला लावून घेऊ नको रे. माझ्या सैल फळ्यांनी तरी कुठे काय झालं? तेव्हापण वाटच लागली ना."

फळ्यांचा दोष नव्हता. दोष खळीचा होता, आणि ती मी घालायला लावली होती. हे एवढं मी बोललो असतो, तर उरलेल्या सशांच्या माना मोकळ्या झाल्या असत्या. तो समोर उभा होता, आमचे साहेब शेजारच्या खोलीत होते. आज लिहितोय ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण माझी नजर त्याच्या तळहातावर होती. प्रमुख मी होतो, पिंजऱ्यांच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या, आणि तिनं मरताना तोंड लपवलं ते त्याच्या हातात. मला तिची दया यायला हवी होती. मला त्याचा हेवा वाटत होता.