काठ शिवलेल्या वाकळा

आईच्या जुन्या साड्यांची वाकळ शिवून घ्यायला मी उंब्रजला एका बाईंकडे गेलो होतो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गोठ्यात घसरून त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टरमधला पाय खाटेवर लांब करून त्या शिवत होत्या. भोवती चार वाकळा पडल्या होत्या. चारही वाकळांचे काठ शिवलेले आणि मधला भाग कोरा.

"एक तरी पुरी करा की," मी म्हणालो.

"आवं, मधल्या टाक्याला वाकळंवर मांडी घालून बसाय लागतंय. ह्या पायानं कसं जमायचं? म्हणून काठ झाला की दुसरी घेती. डाक्टरनं पायाला इश्रांती सांगितलीया, हाताला न्हाई."

सुई केसांत घासून त्यांनी पाचवी, म्हणजे माझी, वाकळ सुरू केली.

दोन महिन्यांनी गेलो तेव्हा प्लास्टर निघालं होतं, पण बाई खाटेवरच होत्या.

"गुडघा वाकवायचा व्यायाम सांगितलाय," सून वैतागून म्हणाली, "पर दुखतंय म्हणून करतच न्हाईत."

"मग मधलं मीच शिवतो," म्हणत मी आईची वाकळ जमिनीवर अंथरली आणि मधोमध चार टाके घातले. ते बघून बाईंना राहवेना.

"आवं, वाकळ हाय का पोतं? उठा तिथनं!"

सुनेचा खांदा धरून, कण्हत, मला बोल लावत त्या खाली उतरल्या. गुडघा हळूहळू वाकला. मांडी काही जमली नाही, पण त्या बसल्या आणि आधी माझे टाके उसवायला लागल्या.

मला दारापर्यंत सोडायला आलेली सून हळूच म्हणाली, "भाऊ, उद्याबी या की."