मामाच्या मनगटावरचे दात

मंडळी, आज दुपारी कामठीत मामानं माझा हात पिरगाळला. अजून ठणकतोय.

फौजेतून निवृत्त झालेला मामा दर उन्हाळ्यात फाटकाशी पाणपोई लावतो. एक मजूर धापा टाकत आला. मी म्हटलं, "थांबा, ग्लास विसळते." मामानं माझा हात पिरगाळून ग्लास हिसकावला. "पहिले पाणी दे वं त्याले!"

मग मामा सावलीत बसून बोलला. एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्यानं त्याच्या दोस्ताचं पोट फाटलं. बाहेर आलेली आतडी मामा हातांनी आत दाबत होता. दोस्त पाणी मागत होता. पोटात जखम असली की पाणी द्यायचं नाही, हा फौजेतला नियम. मामानं बाटली लांब धरली. दोस्तानं मामाचं मनगट कडकडून चावलं आणि तो तसाच मेला. दात मामाला बोटांनी उचकटावे लागले.

तो व्रण दाखवून मामा आम्हाला कुत्रं चावलं म्हणून सांगायचा.

"पण नियम बरोबरच होता ना?" मी विचारलं.

"होता. पण तो तसाही मरूनच राहिला होता वं. मंग मी काहून नाही देलं पाणी?"

फाटकाशी आणखी कोणी थांबलं. मी ग्लास न विसळताच भरून दिला.

तुमच्यापैकी कोणाकडे आहे का मामासाठी उत्तर?