पलीकडची हाळी

प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीचा वॉचमन दिवस मावळला की तोंडाभोवती हात धरून "होऽऽ" करून ओरडतो आणि मान कलती करून उभा राहतो. एकदा वैतागून मी विचारलंच, "काका, काहून ओरडता?"

"सवय हाय जी. संत्र्याच्या बागेत राखणदार होतो. मी हाळी देली का पलीकडच्या बागेतला राखणदार जवाब द्यायचा. मंग एकटं नाही वाटे. झाडं वाळली, मालकानं बाग तोडून सोयाबीन पेरलं. सोयाबीनले वर्षभर राखणदार कोण ठेवते?"

"आणि पलीकडचा?"

"त्याची बाग माह्याआधीच तुटली. तरी मी हाळी देतच होतो."

आता तो ओरडला की मीही हातातलं काम थांबवून कान देतो.