गाय गाभण असल्याची बातमी

बायकोला लग्नात तिच्या वडिलांनी एक कालवड दिली होती. तिची गाय झाली, दोन वेतं झाली. पुन्हा फळवल्यावर ती तीन महिने माजावर आली नाही, तेव्हा गाय गाभण असल्याचं मीच जाहीर करून टाकलं. "डॉक्टरले दाखवा न एकदा," बायको म्हणत होती. पण माझी सारी हयात गुरांत गेलेली! मी अर्ध्या गल्लीला खरवसाचं आमंत्रणही दिलं.

शेवटी बायकोनेच डॉक्टर मॅडमना बोलावलं. त्यांनी हात घालून तपासलं. "काका, गाभण नाही. गर्भाच्या पिशवीत पू झालाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती लाज गाईवर काढत मी म्हटलं, "मंग मोताळ्याच्या बाजारात नेऊन इकतो."

"माह्या बाबानं देल्ली गाय आहे. थे इकाची नाही," बायको म्हणाली आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

"पू झाला, त माजावर काऊन येत नाही?" मी मॅडमना विचारलं.

"अंडाशयावरची पिवळी गाठ विरली की गाय माजावर येते. विरायचा निरोप पिशवी धाडते. ही पिशवी खराब झालीय, निरोप गेलाच नाही. गाठीला वाटतंय, गाय गाभण आहे. तुमच्यासारखंच."

"पन पिशवी तिले सांगते कशी?"

कुंपणावर कारल्याच्या वेलाला दोडक्याचा वेल गच्च बिलगला होता. मॅडमनी तो दाखवला. "पिशवीकडून येणाऱ्या शिरेला अंडाशयाकडे जाणारी धमनी अशीच वेढलेली असते. एकीतून निरोप दुसरीत झिरपतो, अंगभर फिरावं लागत नाही."

"मंजे कुंपनावरून शेजारनीले सांगतल्यासारखं," बायको म्हणाली. "आमचे हे मात्र गावभर सांगत फिरले."

तो निरोप मॅडमनी इंजेक्शनातून दिला. घाण पडून गेली, चौथ्या दिवशी सकाळी गाय माजावर येऊन हंबरू लागली. पिशवी साफ झाल्यावर तिला पुन्हा फळवली. या खेपेला तपासणी होईपर्यंत मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. फार जड गेलं.

कालवड झाली. खरवसाचा पहिला डबा बायकोने माहेरी धाडला, मग गल्लीत वाटला. सगळ्यांत शेवटी माझ्यापुढे वाटी ठेवून म्हणाली, "हात लावून पाहा बरं, खरवसच आहे ना? नाही त दुरूनच सांगसान, दही आहे मनून."